झांबियाच्या सफारीला निघण्याआधी: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मसाई मारा आणि सेरेंगेटी पाहून झालेली मंडळी आता झांबियाची चौकशी करू लागली आहेत. साउथ लुआंग्वा, काफुए, लोअर झांबेझी, लिउवा ही तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची नावं माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसतात. जंगलं खरोखरच देखणी आहेत. एका बिबट्याभोवती वीस गाड्या उभ्या नसतात, आणि रायफलधारी वनरक्षकाबरोबर पायी हिंडता येतं. पण ज्या एकांतासाठी आपण तिथे जातो, त्याच एकांतामुळे डॉक्टरही लांब असतो. साउथ लुआंग्वाजवळच्या म्फुवेच्या धावपट्टीवरून नदीकाठच्या आतल्या कॅम्पपर्यंत जीपने दोन-तीन तास लागू शकतात आणि मोठी रुग्णालयं लुसाकाला, म्हणजे विमानाच्या अंतरावर आहेत. म्हणून तयारी इथूनच करून जावी लागते. प्रवास-वैद्यक हे माझं रोजचं काम आहे. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत गोंधळ तोच तोच दिसतो, म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही मुंबईहून अदिस अबाबामार्गे लुसाकाला जाणार आहोत. टूरवाले म्हणतात, यलो फिव्हरची लस सक्तीची आहे. आधी जाऊन आलेले मित्र म्हणतात, झांबियाला लागत नाही. कोणाचं ऐकायचं? (नाशिक)

दोघांचंही नको. प्रश्न फक्त झांबियाचा नसून तुमच्या संपूर्ण मार्गाचा आहे. भारत सरकारच्या यादीत इथिओपिया (अदिस अबाबा याच देशात) आणि केनिया हे दोन्ही देश यलो फिव्हरचे म्हणून धरले आहेत. अशा देशात राहून किंवा त्यातून प्रवास करून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला जास्तीत जास्त सहा दिवस विलगीकरणात ठेवता येतं. जो प्रवासी फक्त विमान बदलतो आणि विमानतळाच्या आवाराबाहेर पाऊल टाकत नाही, त्याला सूट मिळू शकते. मात्र ती विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याने मान्य करायची असते.

गडबड नेमकी इथेच होते. अदिसला थांबा लांबला की विमान कंपनी रात्रीपुरतं हॉटेल देते. प्रवासी खुशीत हॉटेलवर जातात आणि त्या क्षणी त्यांची सूट संपते. मंडळी जाताना सगळं नीट तपासतात, परतीच्या तिकिटावरचा थांबा किती तासांचा आहे ते मात्र कोणी बघत नाही. शिवाय यलो फिव्हरच्या देशातून आलेल्यांकडे झांबियातही प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. सहलीला केनियाचे चार दिवस जोडले असतील, तर लसीला पर्यायच नाही.

लस एकदाच घ्यावी लागते. २०१६ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच घ्यायची. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही अशी केंद्रं आहेत. ‘लस न टोचता पिवळं कार्ड करून देतो’ म्हणणारे भेटतात. ही फसवणूक आहे. त्यांच्या नादी लागलात तर कागद खोटा आणि शरीर असुरक्षित, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचे आजार यांत ती देत नाहीत. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. अशांनी दुबईमार्गे तिकीट काढावं हा माझा पहिला सल्ला. तिकीट पक्कं करण्याआधी डॉक्टरांना मार्ग दाखवा. नंतर दाखवून फार काही बदलता येत नाही.

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे, तब्येत उत्तम आहे. ऑगस्टमध्ये साउथ लुआंग्वाला जाऊ का? (पुणे)

नका जाऊ. गरोदरपणातला मलेरिया आईला आणि बाळाला दोघांनाही फार जड जातो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञही हेच सांगतील, पण त्यांना विचारा जरूर.

प्रश्न: आरोग्याच्या दृष्टीने कोणता महिना चांगला? (कोल्हापूर)

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. त्यात जून ते ऑगस्ट सर्वांत सुखाचे. डास कमी असतात, दिवस उबदार असतो, पण पहाटे उघड्या जीपमध्ये हाडं गारठतात. काफुएच्या उत्तरेला बुसांगाच्या मैदानात तर पारा शून्याजवळ जातो. दमेकऱ्यांनी टोपी, मफलर आणि इनहेलर खिशातच ठेवावा. सप्टेंबरच्या शेवटापासून लुआंग्वाचं खोरं तापायला लागतं आणि ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पाणी आटल्यामुळे प्राणी नदीवर गोळा होतात, काठाच्या दरडींत लाल बी-ईटर पक्ष्यांची घरटी गजबजतात, छायाचित्रकारांना हाच महिना हवा असतो. पण रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना या उन्हात चक्कर येते, क्षार घटतात. त्यांनी गोळ्यांच्या मात्रेबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे. खोऱ्यातले बरेच कॅम्प तेव्हा बंद असतात आणि डास भरपूर.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय की कोरड्या मोसमात मलेरियाच्या गोळ्यांची गरज नसते, लॉजवाले रोज फवारणी करतात. दुसऱ्या एकीने होमिओपॅथीच्या गोळ्या आणि लसूण सुचवलाय. आपण भारतीयांना तसाही मलेरियाची सवय असते ना? (ठाणे)

सवय नसते. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकतो की आता सविस्तरच लिहितो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत जो मलेरिया दिसतो तो बहुतांशी व्हायवॅक्स प्रकारचा. तो माणसाला आठवडाभर आडवा करतो, पण सहसा जीव घेत नाही. झांबियातला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरम. त्याने ग्रासलेल्या लाल पेशी मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि सकाळी तापाने कण्हणारा माणूस दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. आपल्या राज्यात हा प्रकार प्रामुख्याने गडचिरोलीकडे आढळतो, आणि तिथे काम केलेल्या डॉक्टरला यातली घाई समजावून सांगावी लागत नाही. लहानपणी दोनदा मलेरिया झाला होता म्हणून या रोगाविरुद्ध संरक्षण मिळत नाही. आफ्रिकेत वाढलेल्या माणसाची अर्धवट प्रतिकारशक्तीसुद्धा काही वर्षं बाहेर राहिल्यावर ओसरते, मग आपली गोष्टच सोडा.

झांबियात मलेरिया वर्षभर आणि देशभर आहे. कोरड्या मोसमात तो कमी होतो, संपत नाही. लुआंग्वा नदीच्या काठाने जुन्या पात्रांची डबकी उरतात, लॉज त्याच पाण्याकडे तोंड करून बांधलेले असतात आणि तुम्ही अंधार पडल्यावर उघड्या गाडीत बसून रात्रीची सफारी करणार असता. तंबूतल्या फवारणीचा तिथे काय उपयोग? ‘आमचं लॉज मलेरियामुक्त आहे’ असं कोणी लिहून पाठवलं तर ती जाहिरात समजा.

होमिओपॅथीच्या गोळ्या, लसूण, बी-वन जीवनसत्त्व, मनगटावरचे सुगंधी पट्टे, किणकिण आवाज करणारी यंत्रं यांपैकी एकानेही फाल्सिपेरमपासून संरक्षण मिळाल्याचा पुरावा नाही. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषधही तिथे लागू पडत नाही, तरी अजून कोणीतरी ते लिहून देतं.

उपयोगाची औषधं तीन. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचं आणि तिथून निघाल्यावर सात दिवस चालू ठेवायचं. छोट्या सहलीला हे सोयीचं, पण महाग, आणि प्रत्येक दुकानात नसतं, मागवावं लागतं. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, तेही रोज घ्यायचं, मात्र परतल्यावर चार आठवडे. त्याने ऊन लवकर चटकतं, आणि गोळी भरपूर पाण्याबरोबर घेऊन थोडा वेळ बसून राहावं लागतं, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण दोन-तीन आठवडे आधीपासून. नैराश्य, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना ते देत नाही. तुम्हाला यातलं कोणतं लागू पडेल ते मी इथे सांगणार नाही, कारण तुमची बाकीची औषधं मला माहीत नाहीत. डॉक्टरांसमोर बसून ठरवा.

आणि परतल्यावर गोळ्या बंद करू नका. मुंबईला उतरलो, आता कशाला, म्हणून उरलेली पट्टी कपाटात टाकणारे अनेक जण मला भेटतात. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाने सोडलेले जंतू त्या वेळी तुमच्या यकृतात वाढत असतात. परतल्यावरचे सात दिवस किंवा चार आठवडे त्यांच्यासाठीच असतात.

प्रश्न: त्सेत्से माशीबद्दल वाचून घाबरलो आहे. निळी जीन्स चालत नाही हे खरं का? (औरंगाबाद)

खरं आहे. या माशीला गडद निळा आणि काळा रंग ओढून घेतो. वाटेत झाडाला टांगलेले निळे-काळे कापडी चौकोन दिसतील, ते तिच्यासाठीच लावलेले सापळे असतात. ती दिवसा चावते, चालत्या गाडीचा पाठलाग करते आणि पातळ कापडातून सोंड आरपार घालते. ओळखायला सोपी आहे: आपल्या घरमाशीपेक्षा मोठी, करडी, आणि बसल्यावर पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले. मोपानेच्या आणि मिओम्बोच्या झाडीत तिचा त्रास जास्त. काही गाईड डब्यात हत्तीचं वाळलेलं शेण धुमसत ठेवून तो गाडीच्या मागे टांगतात, त्याने ती थोडी दूर राहते. डासांची मलमं हिच्यावर फारशी चालत नाहीत. खाकी किंवा फिक्या मातकट रंगाचे, जाड कापडाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे हाच खरा उपाय.

ती निद्रारोग पसरवू शकते. लुआंग्वा आणि काफुएच्या भागातून परतलेल्या पर्यटकांना तो झाल्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या. तिथे चावे असंख्य बसतात, आजार क्वचित होतो. त्यामुळे प्रत्येक चाव्याने धास्तावू नका. मात्र चाव्याच्या जागी काही दिवसांनी लालबुंद, दुखरी गाठ आली आणि ताप भरला, तर ‘किडा चावला असेल’ म्हणून मलम चोळत बसू नका. या आजारावर लस नाही, प्रतिबंधक गोळी नाही, आणि उपचार न झाल्यास तो जीव घेतो. संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाकडे जा आणि त्सेत्से चावल्याचं सांगा.

प्रश्न: आईला इन्सुलिन चालू आहे, वय ६३. सफारीची वेळापत्रकं तिला झेपतील का? (सांगली)

झेपतील, पण वेळा बदलून. तिथला दिवस असा असतो: पाचला उठवतात, शेकोटीपाशी चहा आणि टोस्टचा एखादा तुकडा, साडेपाच-सहाला गाडी सुटते. पोटभर जेवण अकराच्या सुमारास. मग विश्रांती, साडेतीन-चारला चहा-केक, पुन्हा जंगल आणि रात्रीचं जेवण आठनंतर. घरच्या वेळेनुसार सकाळी सहाला पूर्ण मात्रा घेतली तर नऊ वाजता खडबडीत रस्त्यावर साखर कोसळणार, आणि सिंह दिसत असताना ‘मला चक्कर येतेय’ असं म्हणायचा त्यांना संकोच वाटणार. हे वेळापत्रक कागदावर लिहून त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांना दाखवा आणि मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ग्लुकोजच्या गोळ्या आईच्या स्वतःच्या खिशात असाव्यात, गाडीतल्या पेटीत नकोत.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्या. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की निरुपयोगी होतं. कॅम्पवर बहुधा सौरऊर्जा असते. स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये जागा मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. ऑक्टोबरमध्ये दुपारच्या तंबूत इन्सुलिन अजिबात ठेवू नका.

प्रश्न: हाफकिनची सर्पदंशाची लस सोबत नेली तर? (रत्नागिरी)

उपयोग नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्या चार सापांसाठी बनते. तिथे भेटणार पफ ॲडर आणि ब्लॅक मांबा, त्यांच्या विषावर ती चालत नाही. शिवाय या लसीची तीव्र रिॲक्शन येऊ शकते, ती सांभाळायची सोय नसेल तिथे कोणतीही सर्पविषाची लस टोचणं धोक्याचं आहे. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, अंधारात टॉर्चशिवाय तंबूबाहेर पाय ठेवू नका. दंश झालाच तर हालचाल थांबवा, चिरू-चोखू नका आणि कॅम्पवाल्यांना ताबडतोब सांगा, रुग्णाला हलवायची व्यवस्था तेच करतात.

प्रश्न: प्रवासात खोकला होतो म्हणून घरचं सिरप नेते. चालेल ना? (डोंबिवली)

आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डायफेनहायड्रामिन हा घटक आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या औषधांत असतो. झांबियात तो नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे आणि साधी दुकानातली औषधं जवळ बाळगली म्हणून परदेशी पर्यटकांना तिथे अटक झालेली आहे. कोडीन, ट्रामाडोल, झोपेच्या गोळ्या यांच्याबाबतही तीच काळजी घ्या. औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र न्या. गोळ्या सुट्या करून डबीत भरायची सवय या सहलीपुरती सोडा. ‘आफ्रिका स्पेशल मेडिकल किट’ म्हणून जे विकलं जातं, त्यात काय आहे ते घटकांसह तपासल्याशिवाय नेऊ नका. मी पाहिलेल्या एका किटमध्ये नेमकं असंच सिरप होतं आणि मलेरियासाठी क्लोरोक्विन.

प्रश्न: मिस्टर काफुएहून येऊन बारा दिवस झाले. तीन दिवसांपासून ताप आहे, अंग दुखतंय, प्लेटलेट एक लाखाच्या खाली. आमचे डॉक्टर डेंग्यू म्हणतात. मिस्टर मलेरियाच्या गोळ्या वेळेवर घेत होते, मग मलेरिया नसेल ना? (पुणे जिल्हा)

हे पत्र वाचल्याबरोबर मी त्यांना फोन केला आणि त्याच संध्याकाळी रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितलं. फाल्सिपेरम निघाला. रात्रीतच आर्टेस्युनेट या मलेरियावरच्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. आता ते बरे आहेत आणि हा प्रश्न छापायला दोघांनीही परवानगी दिली आहे. उत्तर मी बाकीच्या सगळ्यांसाठी लिहितो आहे. या लेखातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र वाचा.

झांबियाचा मोसम आणि आपला पावसाळा एकाच वेळी येतात. तुम्ही जुलै ते ऑक्टोबरमध्ये परतता तेव्हा इथे घरोघरी डेंग्यू आणि व्हायरल ताप चालू असतो. फाल्सिपेरमचा ताप सुरुवातीला अगदी तसाच वागतो: अंगदुखी, डोकेदुखी, मळमळ, कधी जुलाब, आणि प्लेटलेट बहुतेकदा घसरतात. आपल्याकडे प्लेटलेट घसरल्या की डोळ्यांपुढे डेंग्यूच येतो. मग पपईच्या पानांचा रस, किवी, रोज प्लेटलेट मोजणं, आणि यात दोन-तीन दिवस निघून जातात. थंडी वाजून एक दिवसाआड ताप येणं हे पुस्तकातलं लक्षण फाल्सिपेरममध्ये बहुधा नसतंच, त्यामुळे ‘थंडी वाजली नाही, म्हणजे मलेरिया नाही’ हा तर्क फसतो. आणि हा आजार दोन-तीन दिवसांची उसंत देईलच असं नाही.

यात डॉक्टरांचा दोष किती आणि आपला किती? दवाखान्यात गेल्यावर ‘ताप आहे’ एवढंच सांगितलं जातं. समोर तीस रुग्ण ताटकळलेले असतात, डॉक्टर प्रवासाचं विचारत नाहीत, आणि आपण गेल्या महिन्यातल्या सहलीचा तापाशी काही संबंध असेल असं मनातही आणत नाही. म्हणून दवाखान्याच्या दारातून आत शिरताना पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मी आफ्रिकेत, झांबियाला जाऊन आलोय, अमुक तारखेला परतलोय.’ ताप किती, केव्हापासून, हे नंतर.

डास चावल्यापासून सात दिवसांच्या आत फाल्सिपेरमचा ताप सहसा येत नाही. बहुतेकांना तो परतल्यानंतर महिन्याभरात येतो आणि तीन महिन्यांपर्यंत त्याची शक्यता धरायलाच हवी. या काळात ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि रक्ताची काच (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), दोन्ही करायची. रविवार आहे, सण आहे, उद्या बघू, असं चालणार नाही. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही. जंतू अजून थोडे असतील तर पहिल्या काचेवर ते सापडत नाहीत. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीनदा तपासणी करून मगच निर्धास्त व्हायचं. डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी मलेरियाची करा, दोन्ही एकदम होऊ शकतात.

गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या, हा मुद्दा. गोळ्या धोका खूप कमी करतात, शून्यावर आणत नाहीत. एखादी उलटीत गेली, एखादी उपाशीपोटी घेतली. ॲटोव्हाक्वोन स्निग्ध अन्नाबरोबरच नीट शोषलं जातं, आणि पहाटेच्या घाईत ते कोणाच्या लक्षात राहत नाही. गोळ्या चालू होत्या म्हणून तपासणी टाळणं हे गोळ्या न घेण्याइतकंच घातक आहे.

उरलेल्या प्रतिबंधक गोळ्या उपचार म्हणून स्वतःच गिळू नका. भ्रम, सतत उलट्या, पिवळे डोळे, लघवी कमी होणं किंवा धाप यांपैकी काहीही दिसलं तर छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला न्यावं का? (नागपूर)

माझं मत विचाराल तर अजून काही वर्षं थांबा. लहान मुलांत मलेरिया फार झपाट्याने बिघडतो, आणि पायी सफारीला बहुतेक कॅम्प बाराच्या खालची मुलं घेत नाहीत, म्हणजे त्याला जे आवडलं असतं त्यातच तो नसणार. ताडोबा आणि पेंच तुमच्या दाराशी आहेत. न्यायचंच असेल तर गोळीची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांच्या गोळीचे तुकडे घरी अंदाजाने करू नका, बालरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न: लुसाकात कॉलरा आहे असं ऐकलं. लस घ्यावी का? (मुंबई)

२०२३च्या शेवटी सुरू होऊन २०२४मध्ये पसरलेली साथ मोठी होती, ७००हून अधिक माणसं गेली, आणि लुसाकाच्या दाट वस्त्यांना तिचा सर्वाधिक फटका बसला. विमानतळावरून थेट लॉजवर जाणाऱ्या पर्यटकाला हा धोका कमी असतो. बाटलीबंद किंवा उकळलेलं पाणी, बर्फ नाही, कच्ची कोशिंबीर नाही, आणि सोबत ओआरएसची पाकिटं, एवढं पुरतं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस एच्या लसी तुमच्यासाठी जास्त कामाच्या आहेत. त्या वेळी साथीची परिस्थिती काय आहे हे निघण्याआधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

प्रश्न: सफारीनंतर कारिबा तलावावर दोन दिवस आहेत. काठाकाठाने पोहलं तर चालेल का? (पणजी)

नाही. काठालाच गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून सुटलेले बिलहार्झिया या परजीवी आजाराचे जंतू अखंड त्वचेतून आत शिरतात. मगरी आणि पाणघोडे वेगळेच. हॉटेलच्या तरणतलावात पोहा. चुकून पाण्यात उतरलात, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या, त्रास नसला तरी.

प्रश्न: वडील ७० वर्षांचे, आठ वर्षांपूर्वी बायपास झालीय. रोज चार किलोमीटर चालतात. पायी सफारी करायची त्यांची फार इच्छा आहे. विमा पॅकेजमध्येच आहे. (पुणे)

इच्छा मला समजते. पायी सफारीची परंपरा लुआंग्वाच्या खोऱ्यात नॉर्मन कार यांनी रुजवली आणि ती अनुभवण्यासारखीच आहे. पण बागेतले चार किलोमीटर आणि लुआंग्वाच्या काळ्या मातीतले चार किलोमीटर वेगळे. पावसाळ्यात चिखलात रुतलेले हत्तींचे आणि पाणघोड्यांचे पाय उन्हाने दगडासारखे कडक होतात. खड्डा चुकवत, उंचसखल पाऊल टाकत तीन तास चालावं लागतं आणि प्रसंगी भरभर मागे सरावं लागतं. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून ताणचाचणी करून घ्या. त्यांनी होकार दिला तर पहाटेची छोटी फेरी मागा, अनेक दिवस कॅम्प बदलत चालण्याची सहल नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मलेरियाची गोळी निवडताना ते सांगायलाच हवं. वय साठीपुढचं असल्याने यलो फिव्हरच्या लसीचा प्रश्न टाळायला मार्ग दुबईचाच बरा.

आता विमा. ‘पॅकेजमध्ये आहे’ या दोन शब्दांवर विसंबू नका, पॉलिसीचा पूर्ण कागद मागा. पॅकेजमधले विमे पुष्कळदा सामान हरवणं आणि विमान रद्द होणं यापुरतेच असतात. तुम्हाला चार गोष्टी हव्यात: जंगलातून लुसाकाला आणि गरज पडल्यास जोहान्सबर्गला विमानाने हलवण्याचा खर्च, बायपाससह आधीचे सगळे आजार जाहीर करून मिळालेलं संरक्षण, पायी सफारी ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली नसणं, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. बायपास लपवून स्वस्त पॉलिसी काढू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला, तर ते ईमेलवर लिहून मागा. विमा कंपनीचा तो फोन नंबर वडिलांच्या पाकिटात, तुमच्या फोनमध्ये आणि कॅम्पच्या मॅनेजरकडे, तिन्ही ठिकाणी असू द्या.

प्रश्न: निघायला चार दिवस राहिलेत. कामाच्या गडबडीत डॉक्टरांकडे जायचं राहून गेलं. आता काही उपयोग आहे का? (नवी मुंबई)

आहे, आजच जा. सहा आठवडे आधी यायला हवं होतं, कारण रेबीज, हिपॅटायटिस, टायफॉइड यांचा विचार तेव्हा शांतपणे करता येतो. पण मलेरियाच्या तीनपैकी दोन गोळ्या अजूनही वेळेत सुरू होऊ शकतात. यलो फिव्हरचे दहा दिवस मात्र आता भरणार नाहीत, त्यामुळे अदिसचा किंवा नैरोबीचा थांबा लांब असेल तर विमानतळाबाहेर पडू नका, किंवा तिकीट बदलता येतं का ते आजच विचारा. डॉक्टरांकडे जाताना पासपोर्ट, जाण्या-येण्याची तिकिटं, कॅम्पच्या नावांसह कार्यक्रम आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा.